धुराडे बसवले, त्याची सफाई आणि तपासणी कोणी करायची?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली आणि पुढच्या काही वर्षांत मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत गॅसच्या शेगड्या पोहोचल्या, हे निर्विवाद चांगले झाले. परंतु शेगडी आली म्हणून चूल गेली, असे आमच्या भागात झालेले नाही. सकाळचा चहा गॅसवर होतो. ज्वारीच्या भाकरी, आंघोळीचे पाणी, पाहुण्यारावळ्यांचा स्वयंपाक आणि सिलिंडर संपल्यानंतरचे आठ-पंधरा दिवस मात्र चुलीवरच निभतात. पऱ्हाट्या, तुराट्या, बाभळीची आणि लिंबाची लाकडे, गोवऱ्या हे जळण ज्या घरात शेतातून विनामोल येते, त्या घराने चूल कायमची विझवावी ही अपेक्षा व्यवहाराला धरून नाही. चूल राहणारच असेल तर तिचा धूर ज्या नळीतून बाहेर जातो, त्या नळीची सफाई आणि तपासणी कोणी करायची, हा प्रश्न मी आपल्या दैनिकाद्वारे जिल्हा परिषदा आणि ग्रामपंचायतींपुढे मांडू इच्छिते. आरोग्य सेविका म्हणून गावोगावच्या स्वयंपाकघरांत अनेक वर्षे जाणे-येणे झाल्यामुळे हा विषय मला केवळ ऐकून माहीत नाही.

जुन्या माळवदाच्या घरांत चुलीच्या वर छताला साणे ठेवलेले असे. त्यातून सगळा धूर निघून जाई असे नाही. तुळया काळ्याकुट्ट होत आणि बायकांचे डोळेही झोंबत. तरी धुराला वाट होती, आणि ती उघडी आहे की बंद हे खाली बसून दिसत असे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात मातीच्या जड छतांखाली आणि दगडी भिंतींखाली हजारो माणसे गेली, आणि लातूर-धाराशिवच्या पट्ट्यात लोकांनी माळवदाचा धसका घेतला. तो रास्तच होता. पुढे पत्रे आले, स्लॅब आले आणि साणे गेले. त्याच्या जागी ज्यांना जमले त्यांनी भिंतीतून किंवा पत्र्याला भोक पाडून तीन-चार इंची पाईप बाहेर काढला. मातीच्या, सिमेंटच्या किंवा पत्र्याच्या या पाईपच्या आत काय चालले आहे, हे मात्र कोणालाच दिसत नाही, आणि पाईप बसवणारा गवंडी एकदा पैसे घेऊन गेला की पुन्हा त्या घरी येत नाही.

मागच्या हिवाळ्यात एका घरी धूर उलटा घरात येतो अशी तक्रार होती. सूनबाईंचे डोळे महिनाभर लाल होते, लहान मुलाचा खोकला हटत नव्हता आणि सर्वांनी दोष दिला होता तो ओल्या जळणाला. पाईप उतरवून अंगणात आडवा ठेवला तेव्हा कोपराच्या वाकणात चिमणीच्या घरट्याच्या काड्या आणि सुतळीचे तुकडे अडकलेले निघाले. त्यांच्या वर पाईपच्या आतून दोन प्रकारचे थर होते. एक भुसभुशीत काजळीचा, बोट लावताच पिठासारखा झडणारा. दुसरा त्याच्या खालचा, चकचकीत, रस्त्याच्या डांबरासारखा कडक, नखाने खरवडूनही न निघणारा आणि नाकात जाणाऱ्या उग्र वासाचा. चार इंची पाईपमध्ये धुराला उरलेली वाट जेमतेम दोन बोटांची होती. हे धुराडे बसवल्यापासून एकदाही उतरवलेले नव्हते.

तो डांबरासारखा थर म्हणजे क्रिओसोट. लाकूड पुरते जळले नाही की धुरात डांबरी द्रव्यांची वाफ राहते. पाईपच्या आतली बाजू साधारण १२० अंश सेल्सिअसपेक्षा थंड झाली की ती वाफ तिथेच गोठून चिकटते आणि पुढच्या धगीने वाळत वाळत कडक होते. आपल्याकडे याला अनुकूल अशा सगळ्या गोष्टी एकत्र येतात. पावसाळ्यात तोडलेली वेडी बाभूळ आठवड्याभरात चुलीत घातली जाते. ती पेटत नाही, धुमसते. हिवाळ्यात, विशेषतः परभणीसारख्या ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत जी थंडी पडते तिच्यात, भिंतीबाहेरून गेलेला उघडा पाईप पहाटे गार पडलेला असतो. रात्री विस्तव राखेखाली दडपून ठेवण्याची पद्धत तर घरोघर आहे. अशा मंद निखाऱ्यातून सगळ्यात जास्त चिकट धूर निघतो. वाळलेले, चिरलेले, किमान एक उन्हाळा खाल्लेले लाकूड वापरले तर हा थर पुष्कळ कमी होतो, परंतु अजिबात होत नाही असे कोणत्याही जळणाबाबत म्हणता येणार नाही.

हा थर नुसता वाट अडवत नाही, तो स्वतः पेटतो. मोठा जाळ झाला, पाण्याचे पातेले उकळायला ठेवून पऱ्हाट्यांचा भारा एकदम सारला, की ठिणगी वर जाऊन क्रिओसोटला आग लागते. पाईपमध्ये वादळासारखा घोंगावणारा आवाज येतो, तोंडातून ठिणग्या उडतात आणि आतले तापमान हजार अंशांच्या पुढे जाऊ शकते. इतक्या धगीने मातीचा पाईप तडकतो, पत्र्याचा पाईप लाल होतो आणि त्याला टेकलेली लाकडी वासे-बल्ली पेट घेते. आमच्याकडे गोठा आणि कडब्याची गंज घराला लागूनच असते, हे ध्यानात घेतले म्हणजे एका पाईपची आग कुठवर जाऊ शकते याची कल्पना येईल. असे घडल्यास चुलीचे तोंड ओल्या मातीने किंवा पत्र्याने बंद करावे, सर्वांना आणि जनावरांना बाहेर काढावे, १०१ क्रमांकावर फोन करावा. तापलेल्या पाईपमध्ये वरून पाणी ओतू नये, कारण त्याने पाईप फुटून आग घरात उतरते.

दुसरा धोका आवाज करत नाही. धुराड्याची वाट अडली की कार्बन मोनॉक्साइड घरात राहतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके जड होणे, मळमळ, पाय लटपटणे ही लक्षणे थंडीच्या दिवसांत अंगात कसर म्हणून सोडून दिली जातात. बंद न्हाणीघरात बंब पेटवून आंघोळ करणाऱ्यांनी तर हे अगदी लक्षात ठेवावे. बंबाच्या मधल्या नळीतही काजळी साचते आणि तीही कोणी काढत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातील धुराच्या प्रदूषणामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. त्यांतले बहुतेक आगीत गेलेले नाहीत. फुप्फुसाच्या आणि हृदयाच्या विकारांनी गेलेले आहेत.

आपल्या देशाने हा धडा एकदा महागात शिकलेला आहे, म्हणून मला शासनाचे विशेष लक्ष वेधायचे आहे. १९८०च्या दशकात सुरू झालेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या आणि २००२मध्ये केंद्राने तो कार्यक्रम गुंडाळला. मराठवाड्यातही अनेक घरांच्या कोपऱ्यात त्या निर्धूर चुलींचे अवशेष आणि पत्र्यावर वाकडे झालेले पाईप आजही दिसतात. उद्दिष्ट होते चुली बसवण्याचे, आणि ते पूर्ण झाले. बसवल्यानंतरच्या देखभालीचे उद्दिष्ट गावात कोणाच्याच गळ्यात नव्हते. ओडिशामध्ये रेमा हॅना, एस्थर डफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी धुराड्याच्या सुधारित चुलींवर काही वर्षे अभ्यास केला, तेव्हा पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या श्वासात जाणारा धूर कमी झालेला आढळला. पुढे तो फायदा उरला नाही, कारण चुली नियमितपणे व नीट वापरल्या गेल्या नाहीत आणि त्यांची देखभाल झाली नाही. यात घरच्या बाईला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. छतावर चढून पाईप उतरवायचा कधी, कसा, आणि तुटला तर नवा कुठून आणायचा, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते.

जिथे थंडीमुळे लाकडाच्या शेगड्या हा रोजचा व्यवहार आहे, तिथे हे काम कोणाच्या मर्जीवर सोडलेले नाही. अमेरिकेतील अग्निसुरक्षेची मानके धुराडे वर्षातून किमान एकदा तपासावे असे सांगतात. जर्मनीत प्रत्येक भागासाठी अधिकृत धुराडे-सफाई कारागीर नेमलेला असतो, तो ठरावीक वर्षांनी घरोघरच्या शेगड्या पाहतो, आणि सफाई किती वेळा करायची हे घरमालकाला लेखी कळवले जाते. आपल्याकडे इतकी मोठी यंत्रणा लगेच उभी राहणार नाही, आणि तशी आजच आवश्यकताही नाही. प्रत्येक मोठ्या गावात एक-दोन प्रशिक्षित माणसे आणि पाच-सहा लहान गावांत मिळून एक, एवढ्याने आरंभ होऊ शकेल.

या माणसाचे काम नुसते झाडण्याचे नाही. त्याने आधी पाईपचा खालचा कोपर काढून आरसा आणि बॅटरी लावून पाहावे. वरचा उजेड आरशात दिसला नाही तर वाट अडलेली आहे. मग थराची जाडी मोजावी. तीन मिलिमीटरच्या पुढे थर गेला असेल तर सफाई लांबणीवर टाकता येत नाही. पाईपला तडे, सांध्यांतून गळती, पत्र्याला किंवा लाकडाला टेकलेली जागा, वरची टोपी आणि पक्ष्यांसाठीची जाळी, हे सगळे त्याने हात लावून पाहावे. धुराड्याचे टोक छताच्या वर किमान तीन फूट आणि दहा फुटांच्या आतील कोणत्याही भिंतीपेक्षा किंवा कोठ्यापेक्षा दोन फूट उंच असावे. ते नसेल तर वारा धूर परत खाली ढकलतो, आणि सफाई कितीही केली तरी घर काळेच राहते. शेवटी चूल गार असताना तोंडाशी पेटती उदबत्ती धरावी. तिचा धूर आत ओढला गेला तर ओढ चांगली आहे. हे सर्व एका साध्या कागदावर लिहून, तारीख घालून, घरमालकाला द्यावे.

सफाईसाठी आज लोक दोरीला दगड आणि गोणपाट बांधून पाईपमध्ये सोडतात. भुसभुशीत काजळीला ते पुरते. कडक थराला पाईपच्या मापाचा तारेचा ब्रश आणि जोडता येणाऱ्या काठ्या लागतात. एक सावधगिरी मात्र फार महत्त्वाची आहे. जुन्या निर्धूर चुलींना बसवलेले कित्येक पाईप ॲसबेस्टॉस सिमेंटचे आहेत. ते कोरडे घासले किंवा फोडले तर निघणारी धूळ फुप्फुसात कायमची बसते. असे पाईप घासूच नयेत. ओले करून, न फोडता उतरवून त्यांच्या जागी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचा पाईप बसवावा.

हे काम करणाऱ्याच्या आरोग्याविषयी थोडे अधिक लिहिणे मला आवश्यक वाटते. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने १७७५मध्ये लंडनच्या धुराडी झाडणाऱ्यांमध्ये अंडकोशाच्या त्वचेचा कर्करोग आढळत असल्याचे नोंदवले. व्यवसायामुळे होणाऱ्या कर्करोगाची ती जगातील पहिली नोंद मानली जाते. तिथे चार-पाच वर्षांची मुले अरुंद धुराड्यांत चढवली जात, आणि ती प्रथा खऱ्या अर्थाने बंद व्हायला १८७५ साल उजाडावे लागले. काजळी ही मशेरीसारखी निरुपद्रवी वस्तू आहे असा आपल्याकडे समज आहे (मशेरीही निरुपद्रवी नाही, हे मी आरोग्य सेविका म्हणून येथे सांगून ठेवते). त्यामुळे सफाई करणाऱ्याला चांगला मास्क, चष्मा, हातमोजे, अंगभर कपडे आणि कामानंतर साबणाने आंघोळीची सोय मिळालीच पाहिजे. आणि गावातील इतर अनेक ‘घाणीच्या’ कामांप्रमाणे हे काम एखाद्या जातीच्या माथी मारले जाता कामा नये. ते शिकलेल्या माणसाचे, प्रमाणपत्राचे आणि ठरलेल्या मोबदल्याचे काम म्हणूनच सुरू व्हावे, अन्यथा ते सुरू न केलेलेच बरे.

प्रशिक्षणासाठी नवे खाते काढण्याची गरज नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये पत्राकामाचे शिक्षक आहेत, गावात गवंडी आणि कुंभार आहेत, आणि ‘उमेद’ अभियानातील बचत गटांच्या महिला घरात थेट चुलीपर्यंत जाऊ शकतात, जिथे परक्या पुरुषाला सहसा प्रवेश नसतो. तपासणी महिलांकडे आणि छतावरचे काम पत्राकाम शिकलेल्या तरुणांकडे, अशी जोडी मला सर्वांत योग्य वाटते. दर ग्रामपंचायतीने ठरवून फलकावर लावावा आणि दारिद्र्यरेषेखालील घरांचा खर्च स्वनिधीतून उचलावा.

आरंभ सार्वजनिक चुलींपासून करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. जिल्हा परिषदेच्या ज्या शाळांत पोषण आहार अजून लाकडावर शिजतो, तिथे स्वयंपाकी ताई दररोज तीन-चार तास त्या धुरात उभ्या असतात, आणि कित्येक ठिकाणी स्वयंपाकाची खोली वर्गाला लागून आहे. मराठवाड्यातील आठही जिल्हा परिषदांनी आपापल्या शाळांतील आणि अंगणवाड्यांतील धुराड्यांची एक तपासणी तातडीने करून घ्यावी, आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर धुराड्यांची वार्षिक तपासणी हा विषय ठेवण्याचे परिपत्रक काढावे. तेव्हा निर्णय झाला तर दसऱ्याच्या घरसफाईबरोबर, म्हणजे थंडीचा जाळ सुरू होण्याआधी, पहिली फेरी पूर्ण करता येईल.

कळावे,
आपली विश्वासू,
एक निवृत्त आरोग्य सेविका,
जि. धाराशिव