शिंगरू घेण्याआधी एकदा ये

मार्डी, ता. उत्तर सोलापूर
२० ऑगस्ट

प्रिय अशोक,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. दिवाळीत अकलूजच्या घोडेबाजारातून बंटीसाठी शिंगरू आणायचं ठरवलंस, हे वाचून आधी आनंद झाला. मग रात्रभर डोळ्याला डोळा लागेना. म्हणून माझ्या हरणी घोडीचा सकाळचा खरारा उरकून लगेच लिहायला बसलोय.

वैशाखातली एक गोष्ट तुला सांगायची राहून गेली आहे. त्या दिवशी सोलापुरात पारा ४३ वर होता आणि मी कामाला शहरात. जुना कडबा संपला म्हणून गड्याने नवी गंज फोडली, वर घमेलंभर गव्हाचा कोंडा घातला. पोरगा वाईट नाही, म्हशीला जसं घालतो तसंच त्याने घोडीला घातलं. हौदातलं पाणी मात्र उन्हाने इतकं तापलेलं की त्यात हात धरवत नव्हता. हरणीने दिवसभर ते तोंडाला लावलं नसणार.

संध्याकाळी येऊन बघतो तर ती पुढच्या पायाने जमीन उकरतेय. थांबायची, मान वळवून कुशीकडे बघायची, वरचा ओठ मुडपायची, परत उकरायची. ठाणावर सकाळपासून लीद नाही. मी तिच्या पोटाला कान लावला. एरवी तिथं सारखी गुरगुर चालू असते, लांबवर ढग वाजावेत तशी. त्या दिवशी डावीकडेही काही नाही, उजवीकडेही काही नाही. अशोक, ती शांतता मी जन्मात विसरणार नाही. जबड्याखाली बोट ठेवून नाडी मोजली तर मिनिटाला साठ. निवांत उभ्या घोड्याची २८ ते ४४ असते.

घोड्याला उलटी होत नाही, हे तुला ठाऊक आहे का? एवढं थोरलं जनावर, पण पोटात गेलेलं तोंडावाटे परत टाकता येत नाही. जठर अंगाच्या मानाने लहान आणि पुढे आतडं लांबलचक, जागोजागी वळलेलं. कोरडा चारा गेला आणि वर पाणी कमी पडलं की एखाद्या वळणावर बोळा अडकतो. मग शूळ. त्यात घोडी जाते.

डॉक्टरांना पोचायला दीड तास लागला. तोवर तिच्यापुढचा चारा काढला आणि अंधारात बांधावरून तिला हळूहळू चालवत राहिलो, म्हणजे ती लोळण घेणार नाही. शेजारच्या आप्पांनी बांबूच्या नळीतून तेल पाजायला सांगितलं. त्यांची माया खरी, पण मी ऐकलं नाही. तसं पाजलेलं तेल श्वासनळीत उतरलं तर फुफ्फुसं जातात. डॉक्टरांनी नाकातून नळी थेट जठरात नेऊन पॅराफिन सोडलं, इंजेक्शन दिलं. पहाटे साडेचारला हरणीने चार गोळे लीद टाकली. ती हातात घेऊन मी कितीतरी वेळ तिथंच बसून राहिलो.

आता हौदावर पाचटाचं छप्पर आहे. दिवसाला तीस-चाळीस लिटर पाणी तिच्या पोटात जातंय की नाही, हे मी स्वतः बघतो. सैंधवाचा खडा टांगलाय. चारा बदलायचा झाला तर आठ-दहा दिवस जुन्यात नवा मिसळत जातो. कोंडा रोजच्या चंदीतून काढूनच टाकला, कारण त्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम कमी, त्याने हाडं पोकळ होतात. तुमच्या वेळापूरकडे उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, फुकट मिळतं, तुझा हात आधी तिकडेच जाईल. जाऊ देऊ नकोस. वाढ्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, ते अंगी लागत नाही. कोवळ्या ज्वारीची किराळ, म्हणजे तिच्यातलं विष, तर तुला मी सांगायला नको. गुरांना जी मारते ती घोड्यालाही सोडत नाही.

बंटीला घोडा का हवाय, ते मला कळतं. खुडूसच्या रिंगणात माउलींच्या अश्वाच्या टापांखालची माती त्याने कपाळाला लावली, तेव्हा मी शेजारीच होतो. आपणही त्याच वयात तिथं वाकलो होतो. पण ते अश्व कर्नाटकातल्या अंकलीहून येतात, आणि आपण त्यांना बघतो ते रिंगणापुरतं. वर्षभर त्यांच्यामागे राबणारे हात आपल्याला दिसत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की शिंगरू घेऊ नकोस. बारा वर्षांचा पोरगा आणि दोन वर्षांचं शिंगरू, दोघंही कच्चे. कोणी कोणाला शिकवायचं? त्या वयात शिंगराचे दुधाचे दातसुद्धा पडलेले नसतात. पुढची पहिली जोडी अडीचला बदलते, शेवटची साडेचारला. पाठीच्या मणक्यांची वाढ पाचव्या वर्षापर्यंत चालू असते. पोराला तीन वर्षं नुसतं बघत बसवणं तुला जमणार नाही. तो चढणारच.

आठ-दहा वर्षांची, माणसाळलेली, रपेटीची घोडी बघ. भीमथडीची मिळाली तर सोनं. आपल्याच भीमाकाठची, बांध्याने आटोपशीर. धनगरांचे वाडे पाठीवर घेऊन मैलोन् मैल चाललेली जात आहे ती. बाजारात लोक अंगावरच्या केसांचे भोवरे बघतील, चारी पाय आणि तोंड पांढरं असलेल्या पंचकल्याणीला जादा पैसे मोजतील. तू चारी खूर उचलून बघ. तळाशी सडल्याचा वास येतोय का, पाय उचलू देते का, नाल निघाल्यावर नीट चालते का. दुडक्या चालीत पक्क्या रस्त्यावर पळवून टापांचा आवाज ऐक. दोन-दोन ठोके सारखे पडले पाहिजेत. तोंडात काटेरी लगाम घातलेली दिसली तर मालकाला विचार, का म्हणून. १९६५ च्या केंद्राच्या नियमांनी त्या लगामाला बंदी आहे. शिवाय ज्या जनावराला शिकवायला काटा लागला, त्याच्या तोंडाला नुसती दोरी समजेनाशी होते.

हरणी मला जे काही देते, ते लगाम ढिला सोडल्यावर देते. तिने मान जरा नमवली की त्याच क्षणी माझी बोटं उघडतात. एवढं हाताला शिकवायला मला वर्ष लागलं. बंटीचे हात लहान आहेत, तो माझ्याहून लवकर शिकेल.

येत्या शनिवारी सकाळी नालबंद येणार आहे, दर दीड-दोन महिन्यांनी येतो. शुक्रवारी रात्रीच बंटीला घेऊन मुक्कामाला ये. त्याला चपला नको, बूट घालून आण. घोडीजवळ समोरून किंवा मागून जायचं नाही, खांद्याच्या बाजूने बोलत बोलत जायचं, हे गाडीतच त्याला सांगून ठेव. नाकासमोरचं आणि शेपटीमागचं तिला दिसत नाही. लीद त्यालाच काढायला लावीन. वहिनींना सांग, भाकरी-पिठलं आमच्याकडेच आहे, डबा नको.

तुझा,
दत्ता