हरिश्चंद्रगडाला नाही म्हणालो ते का

प्रिय सुन्या,

परवा फोनवर तू हरिश्चंद्रगडाच्या ट्रेकचं काढलंस, मी नाही म्हणालो, तर तू म्हणालास "अजून कोरोनाचंच धरून बसलायस का, चार वर्षं झाली की". तेव्हा मी गप्प बसलो कारण बोलता बोलता शब्दच सापडत नाहीत रे हल्ली. हे पत्र पण तीन दिवस थोडं थोडं करून टाइप केलंय.

एप्रिल २०२१ आठव. नाशिकला ऑक्सिजनची टाकी लीक होऊन माणसं गेली तो आठवडा, मी घरीच पॉझिटिव्ह, छातीच्या सीटी स्कॅनचा (एचआरसीटी) स्कोअर ६, सगळे म्हणाले माइल्ड आहे, सुटलास. मलाही तसंच वाटलं. मग जुलैत पांडवलेणीला गेलो, पायऱ्या आरामात चढलो, खाली येऊन मिसळ खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठताच येईना. ताप नाही, खोकला नाही, नुसता अंगातला जीव काढून घेतल्यासारखं, तीन दिवस. तेव्हापासून हे असंच चालू आहे. काम करताना मी ठणठणीत दिसतो, वसुली दुसऱ्या दिवशी होते, आणि त्या दिवशी मला बघायला कोणीच नसतं, म्हणून लोकांना ते खरं वाटत नाही.

रिपोर्ट सगळे नॉर्मल. एक डॉक्टर म्हणाले टेन्शन घेऊ नका, दुसऱ्यांनी बी-१२ ची इंजेक्शनं दिली, आई म्हणते मनाचं आहे, बाहेर पड जरा. शेवटी एका मॅडमनी काय केलं, मला आडवं झोपवून नाडी मोजली, ७४, मग दहा मिनिटं नुसतं उभं केलं, ११६. म्हणाल्या उभं राहिल्यावर नाडी तिसापेक्षा जास्त ठोक्यांनी वाढतेय, याला पॉट्स म्हणतात, कोविडनंतरचे असे पेशंट येतात माझ्याकडे. सुन्या, मी तिथेच रडलो. दोन वर्षांनी कोणीतरी सांगितलं होतं की मी खोटं बोलत नाहीये.

मला कळत नाही ते हे, की आपल्याकडे चिकनगुनिया झालेल्या माणसाचे सांधे वर्षभर दुखले तर शेजारीपाजारीसुद्धा म्हणतात हो बाई, जातच नाही ते लवकर. मग कोरोनाचंच का कुणाला पटत नाही? जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२१ मध्येच कोविडनंतर टिकून राहणाऱ्या या त्रासाची, म्हणजे लाँग कोविडची, व्याख्या केलीय, आणि २०२३ संपेपर्यंत जगात ४० कोटी लोकांना लाँग कोविड झाला असेल असा संशोधकांचा अंदाज आहे. पण मे २०२३ मध्ये कोविडची जागतिक आणीबाणी संपली म्हणून जाहीर झालं आणि लोकांनी आजारच संपला असं धरलं. ऑफिसात कोणी खोकलं की "व्हायरल आहे", टेस्ट करायचं नाव नाही, मी मास्क लावला की माझ्याकडेच बघतात. मला पुन्हा झाला तर काय, याची मला खरंच भीती वाटते रे.

आणि ग्रुपवर तू तो फॉरवर्ड टाकलास ना, तरुण पोरं लसीमुळे अचानक जातायत म्हणून, तो काढ प्लीज. आयसीएमआरनं, म्हणजे आपल्या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेनं, देशातल्या ४७ हॉस्पिटलांतून १८ ते ४५ वयाच्या लोकांचा अभ्यास केला, त्यात लसीनं अशा अचानक मृत्यूचा धोका वाढलेला दिसला नाही, कोविडमुळे ॲडमिट झालेल्यांमध्ये मात्र वाढलेला दिसला. म्हणजे जे खरं कारण असू शकतं ते कुणी फॉरवर्डच करत नाही.

तुझ्यावर राग नाही. तू २०२१ मध्ये रात्री दोनला ऑक्सिमीटर आणून दारात ठेवून गेला होतास, ते मी विसरलेलो नाही, म्हणून तर तुझं ते वाक्य जास्त लागलं.

ट्रेकला तुम्ही जा, फोटो पाठव. आणि रविवारी संध्याकाळी घरी ये, गच्चीवर खुर्च्या टाकून बसू पहिल्यासारखे. दोन जिने आहेत, पण मी दुपारीच हळूहळू चढून वर जाऊन आडवा होईन, म्हणजे तू येईपर्यंत बोलण्याइतका दम असेल. चहा मात्र खालून तुलाच आणावा लागेल.

तुझा,
पक्या