बाबा, ती डिस्क टाकून देऊ नका

पुणे, रविवार रात्र

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, दुकानवाल्याने "डिस्क गेली, नवी घ्या" म्हटल्यापासून तुमचं जेवणातही लक्ष नव्हतं. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, गड्डा जत्रेचे फोटो, सगळं त्या एका डिस्कवर. म्हणून काल तुम्ही झोपल्यावर मी पंखा बंद करून काँप्युटरपाशी कान देऊन बसले. २० मिनिटं झाली, आतून 'टक्' आलं आणि घरघर थांबली. ओवी लावली, तर पडदा सहा-सात सेकंद तसाच. घरघर हळूहळू चढली आणि मग आजीचा आवाज आला. डिस्क तपासूनही पाहिली, खराब सेक्टर, म्हणजे बिघडलेला भाग, एकही नाही.

ती झोपी जाते, एवढंच. २० मिनिटं कुणी हात लावला नाही की विंडोज वीज वाचवायला तिच्या तबकड्या थांबवतं. कंपनीकडून सेटिंगच तशी येते. विंडोज स्वतः एसएसडीवर, म्हणजे वेगळ्या, चिपच्या डिस्कवर आहे, त्यात फिरणारं काही नसतं. म्हणून बाकी सगळं झरझर चालतं आणि फोटोंपाशीच अडतं.

माग बंद करून पुन्हा चालू केला की चादरीवर त्या जागी पट्टा उठतो, हे तुम्हीच मला कारखान्यात दाखवलं होतं. डिस्कलाही सारखं थांबणं-सुटणं सोसत नाही. आणि विजेचं म्हणाल तर ती पाचेक वॅट खाते. रोज सहा तास चालली तरी महिन्याला जेमतेम एक युनिट.

सकाळची हुतात्मा एक्सप्रेस गाठायच्या घाईत सेटिंग बदलायची राहिली. कंट्रोल पॅनेल उघडा, पॉवर ऑप्शन्समध्ये जा. 'चेंज प्लॅन सेटिंग्ज', त्यात 'चेंज ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज'. छोटी खिडकी उघडेल. 'हार्ड डिस्क'समोरच्या अधिक चिन्हावर, मग 'टर्न ऑफ हार्ड डिस्क आफ्टर'वर दाबा. २०च्या जागी ० टाका. 'नेव्हर' दिसलं की ओके. काम झालं की मात्र काँप्युटर बंदच करा, आपल्याकडच्या उन्हाळ्यात डिस्क तापते.

पुढच्या खेपेला दुसरी डिस्क आणते. ओव्यांची प्रत दोन ठिकाणी हवीच, मला त्याची फार काळजी वाटते.

आई, तू शेजारी बस आणि शून्य नीट पडलं का बघ. झालं की ओवी लावा, मला फोन करा आणि काही न बोलता फोन स्पीकरजवळ धरा.

तुमची लेक