जुन्या जीपचं सदर बंद करू नका

प्रति,
माननीय संपादक,

विषय : रविवारच्या वाहनविषयक पानावरील जुन्या गाड्यांचं सदर

महोदय, सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी आपल्या वाहनांच्या पानावर एका वाचकाचं पत्र होतं. जुन्या जीप, पाटे (चाकांवरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), कार्बोरेटर यांच्यावरचं सदर मोजकेच लोक वाचतात, बाकीच्यांना नव्या गाड्यांच्या किमती आणि फीचर हवेत, तेव्हा ते बंद करून ती जागा नव्या एसयूव्हींना द्यावी, असं त्यांचं म्हणणं. त्याखाली आपण टीप दिली की सदराच्या जागेचा फेरविचार सुरू आहे. मी दारव्हा तालुक्यात रस्त्यालगत गॅरेज चालवतो. पत्रलेखकांवर माझा राग नाही, त्यांना गाडी घ्यायची असेल आणि माहिती हवी असेल तर ती मिळालीच पाहिजे. पण आपल्या फेरविचारात आमच्याकडची बाजूही धरली जावी म्हणून लिहितो आहे.

आमच्याकडे गाडी कोणी एकट्याच्या डोक्यानं घेत नाही. कापसाचे पैसे हाती आले, पोराचं लग्न ठरलं, की कास्तकार आधी गावातल्या जाणत्या माणसाला विचारतो. तो कधी मेकॅनिक असतो, कधी रिटायर झालेला एसटीचा ड्रायव्हर, तर कधी गाड्यांचा नाद असलेला जिल्हा परिषद शाळेतला मास्तर. 'भाऊ, कोणती घेऊ?' हा प्रश्न शोरूमला जाण्याआधी त्याच्या ओट्यावर विचारला जातो, आणि पुष्कळदा उत्तरही तिथंच ठरतं. हा जाणता माणूस किमतीच्या तक्त्यावर नजर टाकून पुढं जातो, कारण किंमत शोरूमवाला फोनवरच सांगतो. तो वाचतो ते आपलं जुन्या गाड्यांचं सदर, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, आणि कात्रण जपून ठेवतो. त्याच्या घरी अंक एकच येतो, पण त्यात वाचलेलं सगळ्या गावाच्या कामी पडतं. मोजके वाचक म्हणून ज्यांना बाजूला सारायचं ठरतं आहे, त्यांच्यामार्फतच आपलं पान बाकीच्यांपर्यंत पोचतं, एवढंच मला सांगायचं आहे.

पावसाळ्याआधी त्या सदरात जुन्या जीपच्या पाट्यांवर लेख आला होता. सगळे पाटे एकत्र धरणारा मधला सेंटर बोल्ट तुटला की एक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा आडवा दांडा, जागेवरून सरकतो आणि गाडी तिरपी चालायला लागते, हे त्यात चित्रासकट दिलं होतं. वरवर पाहता विषय जीपच्या शौकिनांचा. पण बोलेरोच्या मागच्या बाजूला आजही पाटेच आहेत, आणि आमच्या भागातला अर्धा माल ज्यात जातो त्या पिकअपलाही पाटेच आहेत. सोयाबीनच्या हंगामात एक पिकअपवाला माझ्याकडे आला. सरळ रस्त्यावरही स्टेअरिंग वाकडं धरावं लागतं म्हणून त्यानं आधी अलाइनमेंटवर पैसे घातले होते, फरक पडला नव्हता. माझ्याकडे काम शिकणारा पोट्टा मागून खाली शिरला, पाटे एक्सलला बांधणाऱ्या यू-बोल्टजवळ बॅटरी मारली आणि तिथूनच ओरडला, "दादा, सेंटर बोल्ट गेला." एक्सल एका बाजूनं चांगला बोटभर मागं सरकला होता, पाट्यावर घासल्याची चकचकीत खूण दिसत होती. हे त्याला मी शिकवलेलं नव्हतं. गॅरेजात पडलेल्या आपल्या पुरवणीत त्यानं ते चित्र पाहिलं होतं. पिकअपवाल्यानं स्वतः ते सदर कधी वाचलं नसेल, तरी त्याचा उपयोग झाला तो त्यालाच.

मासिकं मीही वाचत आलो आहे. नागपूरला सीताबर्डीवर जुने अंक मिळत, तिथून ऑटोकार इंडिया आणि ओव्हरड्राइव्ह आणायचो. इंग्रजी हळूहळू लागत गेलं. ओव्हरड्राइव्ह १९९८ साली निघालं, ऑटोकार इंडिया १९९९ साली. ही वेळ मुद्दाम ध्यानात घेण्यासारखी आहे. १९९८ मध्येच सँट्रो, मॅटिझ आणि इंडिका एकामागोमाग आल्या. त्याआधी बरीच वर्षं मुख्यतः अँबेसेडर, पद्मिनी आणि १९८३ च्या डिसेंबरपासून मारुती ८००. नंबर लावायचा आणि गाडी हाती पडायची वाट पाहायची. निवडायला फारसं काही नव्हतं, तर तुलना करून सांगणाऱ्याची गरज कोणाला पडणार? निवड आली, आणि मायलेज स्वतः मोजून, ब्रेक स्वतः दाबून पाहून सांगणारं कोणीतरी हवं झालं.

पण त्या अंकांत तेवढंच नसायचं. रॅली असायची, परदेशातल्या स्पोर्ट्स कार असायच्या, कोणी अडगळीतून काढून उभी केलेली जुनी गाडी असायची. ८०० घेणाऱ्या माणसाला फेरारीशी काय करायचं, असं कोणीही विचारेल. मला याचं उत्तर माझ्याच वाचनातून मिळालं. ज्या लेखकाला फेरारीच्या सस्पेन्शनमधला बारकावा सांगता येतो, तो अल्टोच्या सस्पेन्शनबद्दल बोलला तर त्यावर विश्वास बसतो. त्याला गाडीची खरी आवड आहे हे आपल्याला फेरारीच्या त्या पानावर कळलेलं असतं. नुसती कंपनीनं दिलेली माहिती उतरवून काढणारा आणि तो, यांतला फरक खेड्यातल्या वाचकालाही दोन परिच्छेदांत समजतो.

अमेरिकेत हा वाद फार आधीपासून आहे. तिथलं कार अँड ड्रायव्हर हे मासिक १९५५ साली स्पोर्ट्स कार्स इलस्ट्रेटेड या नावानं सुरू झालं, म्हणजे निव्वळ शौकिनांसाठी. १९६१ मध्ये नाव बदलून त्यांनी दार सगळ्यांसाठी उघडलं. आणि मग काय केलं? शौकिनांना बाहेर काढलं नाही. १९६४ च्या मार्च महिन्यात मुखपृष्ठावर त्यांनी जीटीओ या एकाच नावाच्या दोन गाड्या समोरासमोर मांडल्या, एक इटलीची फेरारी आणि एक तिथल्या साध्या नोकरदाराला परवडणारी पाँटियाक. त्या अंकाची चर्चा आजही होते. सामान्य माणसाची गाडी आणि दुर्मिळ गाडी एकाच पानावर आणता येते, तिथं तसं झालं आहे.

उलट बाजूही मी लपवत नाही. २०१९ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रकाशनानं आपल्या २२ छापील मासिकांपैकी १९ बंद केली. बंद पडलेल्यांत बरीचशी एकेका खास आवडीची होती, आणि फक्त त्याच आवडीवर चालणाऱ्या मासिकाला आता छपाई परवडणं कठीण आहे, हे खरं. पण जी तीन ठेवली त्यांची नावं पाहावीत. मोटर ट्रेंड हे सर्वसाधारण वाचकांचं. उरलेली दोन म्हणजे १९४८ साली सुरू झालेलं, इंजिन खोलून जोर वाढवणाऱ्यांचं हॉट रॉड, आणि चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांचं फोर व्हीलर. हिशेब करायची वेळ आली तेव्हाही खास आवडीची दोन मासिकं ठेवावीशी वाटलीच ना?

आता 'लोकांना काय हवं' याबद्दल. माझ्याकडे सध्या सगळ्यात जास्त विचारणा कशाची होते? सनरूफची नाही. डिझेल गाडीच्या डॅशबोर्डवर लागणाऱ्या एका पिवळ्या दिव्याची होते.

१ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराबाबतचे बीएस-६ चे नियम आले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी आली, तिला डीपीएफ म्हणतात. जाळी भरली की ती काजळी तिथंच जाळून टाकावी लागते. त्यासाठी धूर सहाशे अंशांच्या आसपास तापायला हवा. बहुतेक गाड्यांत कॉम्प्युटर त्यासाठी थोडं जास्तीचं डिझेल सोडतो. गाडी मोठ्या रस्त्यावर वीसेक मिनिटं एका गतीनं धावत असेल तर काम आपोआप होतं, चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. पण माझ्याकडे गाडी आणणारे एक मास्तर घरून सहा किलोमीटरवरच्या शाळेत जातात आणि तेवढेच परत येतात. वाटेत खड्डे, गुरं, पांदण ओलांडून जाणाऱ्या बंड्या. जाळी तापायला लागते तोच शाळा येते आणि किल्ली फिरते. असं रोज होतं, आणि मग तो पिवळा दिवा लागतो. अर्धवट सोडलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं.

मास्तरांनी ऑइल पाहण्याची पट्टी ओढून मला दाखवली. वरच्या खुणेच्याही वर ऑइल चढलं होतं. बोटावर घेतलं तर पाण्यासारखं पातळ, आणि वास डिझेलचा. ते खूश होते. "भाऊ, तेल तं वाढून राह्यलं, मंग बदलू कायले?" म्हणाले. गाडी ऑइल खात नाही म्हणजे इंजिन ठणठणीत, असंच आजवर आपण सगळे शिकलो आहोत. या गाड्यांत ऑइल वाढणं हेच धोक्याचं लक्षण आहे, पातळ झालेलं ऑइल बेअरिंग सांभाळत नाही, हे त्यांना गाडी देताना कोणी सांगितलं नव्हतं. मी ऑइल बदललं आणि सांगितलं की आठवड्यातून एकदा यवतमाळच्या रस्त्यानं गाडी एका गतीनं धावू द्या, आणि दिवा लागलेला असताना मधेच इंजिन बंद करू नका.

हा विषय खास आवडीचा की सर्वांचा? इंजिनाच्या आतली गोष्ट आहे, म्हणून आपल्या पत्रलेखकांना ती किचकट वाटेल. पण गावाकडं डिझेल गाडी वापरणाऱ्या प्रत्येकाच्या खिशाशी तिचा संबंध आहे, आणि नवी डिझेल एसयूव्ही घ्यायला निघालेल्या त्या पत्रलेखकांच्या तर सगळ्यात जास्त. ती नीट समजावून सांगू शकेल तो जुन्या इंजिनावर जीव असलेला माणूसच, म्हणजे आपल्याच सदराचा लेखक. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्यांबद्दल जे प्रश्न येतात, त्यांचीही उत्तरं तोच देऊ शकतो.

जाहिरातीचा हिशेब मला समजतो. नवी गाडी बाजारात येते तेव्हा तिच्याबरोबर जाहिरात येते. चाळीसच्या दशकाच्या अखेरीपासून या देशात जुळवल्या गेलेल्या जीपच्या जुन्या मॉडेलसाठी जाहिरात कोण देणार? वर्तमानपत्र चालवायचं तर पैसा लागतो, यात कोणाला दोष नाही. पण पूर्ण पान नव्या गाड्यांच्या कौतुकानं भरलं तर वाचक ते जाहिरातीसारखंच उलटून टाकतो, आणि मग त्या पानावरची जाहिरातही वाचली जात नाही. माझ्या गॅरेजात पुरवणी बाकड्यावर पडलेली असते, लोक थांबलेले असतात. हात थांबतो तो आकृती असलेल्या पानावर, हे मी डोळ्यांनी पाहतो.

सदर होतं तसंच ठेवा असाही माझा हट्ट नाही. लेखकांनी जुन्या गाडीचा जो भाग घेतला तो आज रस्त्यावरच्या कोणत्या गाड्यांत आहे, हे शेवटी चार ओळींत लिहावं. पाट्यांच्या लेखात बोलेरो आणि पिकअपचं नाव असतं तर तो आणखी कितीतरी लोकांनी वाचला असता. आणि नव्या गाड्यांच्या जागेत कधीतरी छोट्या हत्तीची (टाटा एसची), पिकअपची चाचणीही यावी, भरलेल्या मालासकट, काळ्या मातीच्या ओल्या रस्त्यावर. इंग्रजी मासिकं हे करणार नाहीत, त्यांचा वाचक वेगळा आहे. मराठी वर्तमानपत्रानं केलं तर आम्ही वाट पाहून वाचू.

सदर राहणार असेल तर एक विषय मे महिन्याच्या आत घ्यावा, ही विनंती. टायरच्या कडेला चार आकड्यांचा शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि नंतरचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातलं. आमच्याकडून लोक कारंज्याहून समृद्धी महामार्गाला लागतात, जुनी गाडी घेतलेलेही. नक्षी शाबूत दिसते म्हणून टायर चांगलं समजतात, रबर मात्र उन्हानं कडक होऊन बारीक तडकलेलं असतं, आणि तिथं पंचेचाळीस अंशांच्या उन्हात तापलेल्या काँक्रीटवर ताशी शंभर-एकशे वीसनं तासन्‌तास गाडी पळते. शिक्का कुठं असतो, कसा वाचायचा, हवा टायर थंड असताना का मोजायची, हे आकृतीसह छापावं. शिक्क्याचे फोटो लागले तर माझ्या गॅरेजात येणाऱ्या टायरचे काढून पाठवतो.

आपला,
एक गॅरेजवाला वाचक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ