सुटकेच्या आदेशावरचा एक काना : एका भाऊसाहेबांस आभारपत्र

कोल्हापूर

आदरणीय भाऊसाहेब,

सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या घरी येऊन हातात देता आले असते. ते सर्वांसमोर लिहिण्याचे कारण असे की, ज्या कामाबद्दल तुमचे आभार मानायचे आहेत ते काम लोकांना दिसत नाही. न्यायालय म्हटले की न्यायाधीश आणि वकील आठवतात, तुरुंग म्हटला की फाटकावरचा शिपाई आठवतो. या दोन्ही ठिकाणांच्या मध्ये कागद हाताळणारा तुमच्यासारखा न्यायालयीन कर्मचारी कोणाच्या ध्यानात राहत नाही. तुमचे नाव कोठेही छापू नये ही तुमची सूचना मी पाळली आहे. तुम्हांला ओळखणारे लोक एवढ्यावरूनही ओळखतील.

पहिली भेट तुम्हांला आठवते की नाही, हे मी कधी विचारले नाही. मी तेव्हा बारावीत होते. माझा आतेभाऊ एका गुन्ह्यात न्यायाधीन बंदी म्हणून, म्हणजे खटल्याचा निकाल लागण्याआधीच, कळंबा कारागृहात होता आणि घरात वाचता येणारी म्हणून आत्या मला घेऊन न्यायालयात आली होती. प्रकरण केव्हाच निकाली निघाले आहे आणि त्याचा तपशील लिहिणे आज माझ्या पदाला शोभणारे नाही. सांगायचे ते इतकेच की, त्याला जामीन मंजूर होऊन अकरा दिवस झाले होते आणि तरीही तो आतच होता. आम्हां खेड्यातल्या माणसांची समजूत अशी की, न्यायाधीशांनी जामीन दिला म्हणजे मुलगा सुटला. जामीनदार लागतो, जामीनदाराच्या नावावर सातबारा किंवा हातात ऐपतीचा दाखला लागतो, आणि आमच्या शेताचा सातबारा अजून आजोबांच्याच नावावर असून वारस नोंदच झालेली नाही, हे सारे आम्हांला तुमच्या टेबलासमोर उभे राहिल्यावर कळले. त्याआधी एकाने ‘आतून काम करून देतो’ म्हणून आत्याकडून पैसे घेतले होते आणि तो पुन्हा दिसला नव्हता.

तुम्ही आत्याला खुर्ची दिली. त्या दिवशी त्या इमारतीत तिला बसा म्हणणारे तुम्ही पहिलेच होता. मग तुम्ही मला, म्हणजे एका सतरा वर्षांच्या मुलीला, समोरचा कागद वाचायला लावून प्रत्येक ओळीचा अर्थ सांगितला. कोठडीत असलेल्या प्रत्येक माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाच्या कलम १२ ने दिला आहे, हे वाक्य मी प्रथम तुमच्या तोंडून ऐकले. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयाचा दरवाजा तुम्ही स्वतः उठून दाखवलात. तेथून मिळालेल्या वकिलांनी जामिनाची अट शिथिल करण्यासाठी अर्ज केला, तो मंजूर झाला, आणि सुटकेचा आदेश टंकलिखित होऊन तुमच्यापुढे आला तेव्हा तुमची पेन्सिल एका शब्दावर थांबली. आतेभावाच्या वडिलांच्या नावात एक काना राहिला होता. तेवढ्या एका कान्यासाठी कारागृहाच्या नोंदवहीतले नाव आणि आदेशातले नाव वेगळे ठरले असते आणि कागद परत आला असता. कारागृहात संध्याकाळी बंद्यांची मोजणी करून त्यांना बराकीत घेतात. त्यानंतर पोहोचलेल्या आदेशावर माणूस सहसा दुसऱ्या दिवशीच बाहेर येतो. तुम्ही आदेश दुरुस्त करून घेतलात, सही झाली, कागद वेळेत रवाना झाला आणि त्या दिवशी दिवे लागायच्या सुमारास आतेभाऊ कळंब्याच्या फाटकातून बाहेर आला. आत्या त्या काळात देवाचे नाव घेण्याआधी ‘त्या भाऊसाहेबांचे’ नाव घेत असे.

पुढे सहा वर्षांनी राजारामपुरीतील अभ्यासिकेत तुम्ही दिसलात तेव्हा तुम्ही सेवानिवृत्त झाला होता आणि मी पोलीस भरतीत दोनदा अपयशी ठरले होते. आठशे मीटरच्या धावण्यात काही सेकंदांनी दोन्ही वेळा मागे पडले. आता काय करायचे, हा प्रश्न घरात कोणी मोठ्याने विचारत नव्हते आणि त्याचाच मला जास्त त्रास होत होता. न्यायाच्या कामात यायचे तर वर्दी किंवा काळा कोट एवढेच दोन रस्ते आहेत असे मी धरून चालले होते. तुम्ही तेव्हा एका कोऱ्या पानावर न्यायालय आणि कारागृह यांतील पदे लिहून काढलीत. त्या पानावर बेलीफ, कनिष्ठ लिपिक, लघुलेखक, नाझर (न्यायालयातील पैशांचा आणि समन्स बजावणीचा हिशेब पाहणारा), अधीक्षक, प्रबंधक ही पदे होती. दुसऱ्या बाजूला कारागृह शिपाई, तुरुंगाधिकारी, कारागृहातील शिक्षक, मिश्रक (औषधे देणारा), सुतारकाम आणि विणकाम शिकवणारे निदेशक, आणि खाली वेगळ्या रेघेखाली परिविक्षा अधिकारी, म्हणजे अपराध्याला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर ठेवण्याचे काम पाहणारा. प्रत्येक पदापुढे तुम्ही त्याचे वेतन लिहिले नाहीत. त्या माणसाने एक दिवस काम केले नाही तर कोणाचे काय अडते, ते लिहिले होते. बेलिफापुढे लिहिले होते, ‘समन्स बजावले गेले नाही तर तारीख पुढे जाते.’ ते पान माझ्याजवळ आहे.

याच सुमारास घरी एक गृहस्थ येऊ लागले. न्यायालयात चिकटवून देतो, अमुक साहेबांशी ओळख आहे, असे सांगून त्यांनी वडिलांकडे मोठी रक्कम मागितली, आणि वडील दोन गुंठे विकण्याच्या विचारापर्यंत आले होते. तुम्ही गावी आलात, वडिलांच्या शेजारी सोप्यावर बसलात आणि शांतपणे म्हणालात, ‘पैसे देऊन जी मुलगी त्या खुर्चीवर बसेल ती समोरच्याकडून पैसे घेतल्याशिवाय उठणार नाही, तुम्हांला तशी मुलगी हवी आहे का?’ वडील त्यावर काही बोलले नाहीत, पण जमीन विकली गेली नाही. निघताना त्यांनी गुऱ्हाळावरची गुळाची ढेप तुमच्या हातात ठेवली. तुम्ही त्यातला एक खडा मोडून तोंडात टाकलात आणि ढेप माघारी दिलीत. वडील ही गोष्ट अजून पाहुण्यांना सांगतात.

त्यानंतरच्या दीड वर्षात तुम्ही मला जे शिकवलेत ते कोणत्याही क्लासात शिकवत नाहीत. टंकलेखन मी शिकत होतेच, कारण कनिष्ठ लिपिकाला मराठी मिनिटाला ३० आणि इंग्रजी ४० शब्दांचा वेग लागतो. परंतु न्यायालयाचे कामकाज खुले असते, कोणीही नागरिक मागच्या बाकावर बसून ते पाहू शकतो, हे सांगून तुम्ही मला आठवड्यातून एक दिवस कसबा बावड्यातील न्यायालय संकुलात बसायला पाठवलेत. बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या यादीत, किती प्रकरणे आहेत, पुकारा झाल्यावर कोण उठते, साक्षीदार आला नाही तर काय होते, हे पाहून संध्याकाळी मी माझ्या मनाने रोजनामा, म्हणजे त्या दिवशीच्या कामकाजाची नोंद, लिहायचा आणि तुम्ही तो तपासायचा. ‘आरोपी गैरहजर’ असे मी एकदा लिहिले. आरोपी स्वतः आला नव्हता की त्याला कारागृहातून आणलेच नव्हते, असे तुम्ही विचारलेत. मला सांगता आले नाही. या दोन गोष्टींचा अर्थ एक नाही आणि एका शब्दाच्या आळसाने माणसावर वॉरंट निघू शकते, असे तुम्ही त्या दिवशी सांगितलेत. इतके कडक तुम्ही माझ्याशी पूर्वी कधी बोलला नव्हता. आज रोजनामा लिहिताना तो प्रश्न मी रोज स्वतःला विचारते.

अभ्यासिकेत तुमच्याभोवती जमलेल्या इतरांच्या वतीनेही मला येथे लिहिले पाहिजे. आमच्यातल्या एका सुताराच्या मुलाने आयटीआय केले होते आणि तो मुंबईला फर्निचरच्या कामावर निघाला होता. कारागृहाच्या कारखान्यात बंद्यांना सुतारकाम शिकवण्यासाठी सरकार माणसे नेमते, हे त्याला तुमच्यामुळे कळले. अंबाबाईच्या प्रसादाचे लाडू काही काळ कळंबा कारागृहातील बंदी वळत असत, हे कोल्हापुरात पुष्कळांना ठाऊक आहे. पण ते हात कामाला लावणारा, माप आणि स्वच्छता शिकवणारा कर्मचारी तेथे असावा लागतो, हे आम्ही तुमच्याकडून ऐकले. तो सुताराचा मुलगा आज दुसऱ्या जिल्ह्यातील कारागृहात निदेशक आहे. रंधा कसा धरायचा हे शिकलेला माणूस बाहेर गेल्यावर त्याला फोन करतो, तेव्हा तो पहिल्यांदा मला कळवतो आणि मी तुम्हांला.

माझ्या मैत्रिणीने ‘सायबर’ नावाच्या महाविद्यालयातून समाजकार्याची पदवी घेतली आणि ती परिविक्षेच्या कामाकडे वळली. १९५८ च्या अपराधी परिविक्षा अधिनियमानुसार एकवीस वर्षांखालील अपराध्याला, गुन्हा जन्मठेपेच्या शिक्षेचा नसेल तर, तुरुंगात पाठवण्यापूर्वी न्यायालयाने परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल पाहायचा असतो. तो अहवाल लिहिण्यासाठी ती त्या मुलाच्या घरी जाते, शेजाऱ्यांशी आणि शिक्षकांशी बोलते. अहवालात विशेषणे कमी आणि पाहिलेल्या गोष्टी जास्त असाव्यात, हा तुमचा नियम तिने माझ्यापेक्षा चांगला पाळला आहे. या कामाबद्दल आपल्याकडे इतके कमी बोलले जाते याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण एका मुलाचे उरलेले आयुष्य त्या चार पानांवर ठरू शकते.

आता माझ्या कामाविषयी. निवड झाली तेव्हा तुम्ही पेढा घेतलात आणि एकच सांगितलेत की, फौजदारी विभाग मिळाला तर नाकारू नकोस. तो मिळाला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्याने आमच्या टेबलावर दोन काळ एकत्र नांदत आहेत. त्या तारखेपूर्वी घडलेली चोरी जुन्या भारतीय दंडसंहितेच्या कलम ३७९ खाली आहे आणि नंतरची न्याय संहितेच्या कलम ३०३ खाली. आदेश टंकताना घटनेची तारीख पाहिली नाही तर चुकीचे कलम कागदावर जाते. नव्या सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे, यापूर्वी कोणत्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या न्यायाधीन बंद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला बंधपत्रावर सोडण्याची तरतूद आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि ज्याच्यावर एकाहून अधिक प्रकरणे चालू आहेत त्याला ती लागू नाही. हा हिशेब दिवसांचा असतो, आणि अटकेची तारीख चुकीची नोंदली गेली तर तो चुकतो.

सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी दिलेल्या निर्देशांची प्रत तुम्ही मला रुजू होण्याआधीच वाचायला दिली होती. जामीन मंजूर झाल्यावर आदेशाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ई-मेलने कारागृह अधीक्षकांमार्फत बंद्याला पोहोचवायची, सात दिवसांत तो सुटला नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे, असे त्यात आहे. ते वाचताना मला आत्या आठवली. तिच्या वेळी ही व्यवस्था असती तर अकरा दिवस लागले नसते. तुम्ही मात्र तेव्हा म्हणालात की, ई-मेल पाठवणारा हात कोणाचा तरी असतोच, आणि तो हात पाचला दहा मिनिटे असताना उठून गेला तर निर्देश कागदावरच राहतो. म्हणून जामीन झालेल्या आणि जामीनदार न मिळालेल्या माणसांची मी एक वेगळी यादी ठेवते. ती ठेवायला मला कोणी सांगितलेले नाही. दर सोमवारी ती पाहिल्याशिवाय मी दुसरे काम हातात घेत नाही.

१८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले, तेव्हा तुम्ही मला सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या न्यायालयाच्या इमारतीजवळ घेऊन गेलात. तुमची निम्मी नोकरी त्याच इमारतीत झाली. अपिलासाठी मूळ कागद मुंबईला पाठवायचे तेव्हा पाने क्रमाने लावून, शिवून, गठ्ठे बांधायला तुम्ही रात्री थांबत असा, आणि पक्षकार त्याच गठ्ठ्यांमागे रात्रीच्या गाडीने जात असत. या खंडपीठासाठी इथल्या वकिलांनी चाळीस वर्षांहून अधिक काळ लढा दिला आणि त्याचे श्रेय त्यांना मिळालेच पाहिजे. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या माणसांचा तो प्रवास आता टळला. तुम्ही त्या गर्दीत एका खिडकीकडे बोट दाखवून ‘तिथे माझे टेबल होते’ एवढेच म्हणालात. तुमच्यासारख्या किती जणांची टेबले त्या इमारतीत होती, याची नोंद कोणी ठेवलेली नाही. निदान एकाची या पत्रात राहावी असे मला वाटले.

आतेभाऊ आता दुधाचा टँकर चालवतो. त्याला दोन मुली आहेत आणि थोरली यंदा शाळेत जाऊ लागली. आत्या गेल्या वर्षी गेली. शेवटच्या आजारपणात तिने मला विचारले होते की, तू आता त्या भाऊसाहेबांच्या खुर्चीवर बसतेस का. मी हो म्हणाले. ते अगदी खरे नव्हते, माझे टेबल वेगळ्या इमारतीत आहे, पण तिला समाधान वाटले.

एक विनंती आहे. तुमची रोजनाम्याची वही मी अभ्यासिकेतील एका नव्या मुलीला देणार आहे. जुन्या कलमांपुढे नवी कलमे मी पेन्सिलीने लिहिली आहेत. शेवटच्या चार पानांबद्दल मला खात्री नाही. रविवारी सकाळी वही घेऊन येते, ती पाने तपासून द्यावीत.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली नम्र,
फौजदारी विभागातील एक कनिष्ठ लिपिक