ओम्नीचे मागचे शॉकअप घरी बदलताना: मित्रास पत्र

कोल्हापूर

प्रिय सदानंद,

सप्रेम नमस्कार.

मागे माणसे बसली की तुझी ओम्नी खड्ड्यानंतर बराच वेळ डुलत राहते आणि फोंडा घाटाच्या वळणांवर मागून अंग टाकते, असे तू लिहिले आहेस. त्यावरून मागचे शॉकअप गेले असावेत हा तुझा तर्क मला पटतो. तरीही पैसे घालण्याआधी खात्री करून घे. खराब रस्त्यावरून गाडी चालवून आलास की लगेच खाली वाकून दोन्ही शॉकअपना हात लाव. शॉकअपमधले तेल दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून जाताना तापते, त्यामुळे चालू शॉकअप कोमट लागतो आणि मेलेला थंडच राहतो. बाहेरून तेल ओघळून त्यावर धूळ चिकटली असेल, तर आणखी परीक्षेची गरज नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. गाडीचे वजन पाटे, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पानांच्या स्प्रिंगा, पेलतात, शॉकअप नव्हे. शॉकअपचे काम पाट्यांची उसळी आवरण्याचे. गाडी उभ्या उभ्या मागून बसलेली दिसत असेल, तर नवे शॉकअप घालूनही ती वर येणार नाही, तेव्हा पाट्यांचा बाक आणि एखादे पान तुटले आहे का, हेही पाहून घे. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले असले तरी तिचे शॉकअप अजून सहज मिळतात. घेताना जोडीच घे, कारण एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला थकलेला शॉकअप असला की वळणावर गाडी दोन्हीकडे सारखी वागत नाही.

आता सर्वांत महत्त्वाचे. ओम्नीची ओढ मागच्या चाकांवर आहे आणि हँडब्रेकही मागच्याच चाकांना लागतो. याचा अर्थ असा, की मागची दोन्ही चाके उचललीस की गाडी गिअरमध्ये असो वा हँडब्रेक ओढलेला असो, तिला धरून ठेवणारे काहीही उरत नाही. म्हणून सपाट, टणक जमिनीवर गाडी उभी करून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडाचे भक्कम ठोकळे लाव, आणि मगच जॅकला हात घाल. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नकोस; उचललेली गाडी घोड्यांवर, म्हणजे आधाराच्या लोखंडी तिवयांवर, टेकव. जांभ्याचे चिरेही रचू नकोस. ते भाराखाली अचानक फुटतात.

घोड्या कुठे लावायच्या, यावर मतभेद आहेत. माझे मत विचारशील तर त्या मागची दोन चाके जोडणाऱ्या ॲक्सलच्या नळीखाली, पाट्यांच्या जवळ लाव. तसे केल्याने रस्त्यावर असताना पाट्यांवर जेवढे वजन असते जवळजवळ तेवढेच राहते, आणि शॉकअपची लांबीही नेहमीचीच राहते. हा मुद्दा शेवटी नट आवळताना कामाला येईल.

मालवणच्या खाऱ्या हवेत खरी झुंज नटांशीच आहे. प्रत्येक शॉकअपला वर एक आणि खाली एक नट असतो. आदल्या दिवशी सकाळ-संध्याकाळ आटे तारेच्या ब्रशने घासून त्यांवर गंज सोडवणारे तेल सोड. पाना नीट बसणारा हवा. ढिल्या पान्याने नटाचे कोपरे गेले की काम अवघड होते. नट थोडा सैल झाला की एकदम फिरवत नेऊ नकोस. थोडा सोड, थोडा परत आवळ, पुन्हा तेल घाल. घाई केलीस आणि सांगाड्यावरचा स्टडच, म्हणजे नट बसतो तो आट्यांचा दांडा, तुटला, तर काम वेल्डरकडे जाईल. त्यापेक्षा हट्टी नट करवतीने किंवा छिन्नीने फोडलेला परवडतो. गॅसची ज्योत लावण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नकोस, कारण पेट्रोलची टाकी गाडीखालीच आहे.

जुना शॉकअप निघाला की हाताने दाबून आणि ओढून पाहा. चांगला शॉकअप ओढताना अधिक विरोध करतो. गेलेला सायकलच्या फुटक्या पंपासारखा सरकतो. नवा बसवण्याआधी उभा धरून काही वेळा पूर्ण दाब आणि पूर्ण ओढ, म्हणजे आतल्या नळीत अडकलेली हवा निघून जाईल. आत गॅस भरलेला शॉकअप असेल तर सोडताच तो आपोआप लांब होतो, त्यामुळे खालचे भोक स्टडसमोर आणताना त्याला दाबून धरावे लागेल. इथे एक मदतनीस असलेला बरा. वायसर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने घाल.

ॲक्सल लोंबकळत असताना नट पूर्ण आवळले, तर शॉकअपच्या टोकाच्या भोकातला रबराचा बुश त्या स्थितीत जखडतो आणि गाडी जमिनीवर आल्यावर कायम पिळलेला राहून लवकर फाटतो. लिफ्टवर गाडी टांगून यंत्राने खाडकन नट आवळणाऱ्या गॅरेजवाल्यांचा मला राग येतो तो याचसाठी. तुझ्या गाडीचे वजन घोड्यांवर टेकलेल्या ॲक्सलवर असल्यामुळे तू तिथेच नट पक्के करू शकतोस.

पहिल्या काही दिवसांनी चारही नट एकदा तपासून घे. कुठल्याही बाजूने खडखड ऐकू आली, तर आधी बुश आणि वायसर पाहा. घोड्यांची एक जोडी माझ्याकडे आहे. पुढच्या आठवड्यात शेजारी कणकवलीला येणार आहेत, त्यांच्याबरोबर पाठवतो. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
विनायक