स्टिअरिंगवर ठपका ठेवण्याआधी टायर वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वापरलेली गाडी घेताना काय तपासावं यावर वृत्तपत्रांत वरचेवर लिहिलं जातं. इंजिनाचा आवाज, ऑइलचा रंग, कागदपत्रं, अपघाताच्या खुणा हे सगळं त्यात असतं आणि ते असायलाच हवं. टायरच्या वाट्याला मात्र 'नक्षी किती उरली आहे ते पाहा' एवढं एकच वाक्य येतं. टायर म्हणजे घासाघीस करताना किंमत खाली आणायचा मुद्दा, अशी समजूत त्यातून पक्की होते. मग गाडी घरी आली की तक्रारी सुरू होतात. स्टिअरिंग जड लागतं, गाडी एका बाजूला ओढते, वेगात हातात थरथर जाणवते. कुणीतरी रॅक (स्टिअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणारा दातेरी दांडा) बदलायला सांगतं, कुणी पॉवर स्टिअरिंगची मोटर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

स्टिअरिंग रॅक फक्त चाकाची दिशा बदलतो. गाडीला वळवणारं बल टायरमध्ये तयार होतं. चाक वळलं तरी टायरचा रस्त्याला टेकलेला भाग लगेच वळत नाही, तो आधी पिळला जातो. या पिळातून जे बाजूचं बल येतं ते चाकाच्या मध्याच्या किंचित मागे लागतं, म्हणून चाक आपणहून सरळ व्हायला बघतं. वळण संपताना स्टिअरिंग हातातून परत फिरतं त्यात कॅस्टर कोनाबरोबर (वळणाच्या अक्षाचा मागे झुकाव) या पिळाचाही वाटा असतो. पकड सुटायला आली की बल मध्याच्या जवळ सरकतं आणि स्टिअरिंग हलकं पडतं. चालकाला मिळणारी ती पूर्वसूचना आहे. टायर बदलला, त्याचं माप बदललं किंवा नुसती हवा बदलली, तरी हे सगळं बदलतं.

म्हणून पहिली तपासणी हवेची. गाडी किमान तीन तास उभी असताना हवा मोजावी; चालून आलेल्या टायरमध्ये ती सहज ३-४ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) जास्त दिसते. किती हवी ते चालकाच्या दाराच्या चौकटीवर, पेट्रोलच्या झाकणाच्या आत किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं. टायरच्या बाजूवर छापलेला हवेच्या दाबाचा आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा असते, तुमच्या गाडीसाठीची शिफारस नव्हे. ही गल्लत फार लोक करतात. पुढच्या चाकांत हवा कमी असेल तर स्टिअरिंग जड आणि सुस्त होतं. मागच्या चाकांत कमी असेल तर लेन बदलताना गाडीचं शेपूट उशिरा मागे येतं आणि गाडी 'तरंगते' असं वाटतं. तेव्हा दोष स्टिअरिंगचा नसतोच. हवा जास्त असेल तर स्टिअरिंग हलकं होतं, पण खडबडीत रस्त्यावर चाक उडतं आणि सरळ जाताना सारखं सावरत बसावं लागतं.

हवा बरोबर केल्यावर टायर वाचायला बसावं. बाजूवर 'डीओटी' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. हे अंक कधी कधी टायरच्या फक्त आतल्या बाजूला असतात, तेव्हा खाली वाकून बघावं लागतं. पाच-सहा वर्षांनंतर टायरची दरवर्षी तपासणी हवी आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही शिल्लक दिसली तरी तो काढून टाकावा. फार कमी चाललेल्या जुन्या गाडीत हाच सापळा असतो. खाचा खोल, पण रबर कडक, बाजूला बारीक भेगा. असा टायर कोरड्या रस्त्यावर ठीक वाटतो आणि पहिल्या पावसात ब्रेक लावताना किंवा वळताना घसरतो.

खाचांची खोली आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेरच्या कडेला अशी तीन ठिकाणी मोजावी. नव्या कार-टायरमध्ये ती साधारण ८ मिलिमीटर असते. अनेक देशांत कायद्याने किमान १.६ मिलिमीटर लागते आणि खाचेतली उंचवट्याची खूणही तेवढ्याच उंचीची असते. पण पाण्यावरची पकड त्याच्या बरीच आधी कमी झालेली असते, म्हणून ३ मिलिमीटरला टायर बदलणं शहाणपणाचं. मध्य जास्त झिजला असेल तर हवा जास्त ठेवली होती, दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी. एकच कड झिजली असेल तर कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) किंवा टो (चाकांचं तोंड आत-बाहेर वळलेलं असणं) बिघडलेला आहे. तळवा टायरवरून आडवा फिरवावा : एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं लागलं तर टो चुकला आहे. ठरावीक अंतरावर वाटीसारखे खळगे असतील तर शॉकअ‍ॅब्सॉर्बर, बुश (सस्पेन्शनच्या सांध्यातले रबरी तुकडे) किंवा बॅलन्सिंगकडे बघावं.

आता ज्या गोष्टीकडे खरेदीदार हमखास दुर्लक्ष करतो ती. विकायच्या आधी घातलेले चार कोरे टायर बघून समाधान मानू नका. आधीची झीज हा त्या गाडीच्या सस्पेन्शनचा आणि अलाइनमेंटचा (चाकांचे कोन जुळवण्याचा) लेखी पुरावा होता, आणि नव्या टायरबरोबर तो पुसला गेला. विकणाऱ्याचा हेतू चांगलाही असू शकतो. पण अशा वेळी अलाइनमेंटच्या मोजमापाचा छापील कागद मागावा आणि नसेल तर सौदा पक्का करण्याआधी ते मोजून घ्यावं. जुने टायर अजून तिथेच पडलेले असतील तर तेही बघावेत. स्टेपनीवरची तारीख आणि माप बघावं. मूळ टायर कुठला होता ते बऱ्याचदा तिथे सापडतं. काही गाड्यांना कारखान्यातूनच लहान मापाची स्टेपनी येते, त्यामुळे मापाबाबत शेवटचा शब्द दाराच्या चौकटीवरच्या पट्टीचा.

गाडी ओढते ही तक्रार सगळ्यांत जास्त चुकीच्या हातात जाते. रस्ता पाणी वाहून जाण्यासाठी कडेला उतरता असतो आणि गाडी त्या बाजूला थोडी सरकणारच. म्हणून सपाट भाग शोधावा आणि शक्य असेल तर दोन्ही दिशांनी चालवून बघावं. तरीही ओढत असेल तर पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी लावावेत. ओढ बाजू बदलून आली तर दोष टायरचा. काही टायरमध्ये आतले पोलादी पट्टे किंचित एका बाजूला बसलेले असतात, त्यामुळे तो कागदी पेल्यासारखा वळत घरंगळतो. अलाइनमेंट दहा वेळा केली तरी ही ओढ जात नाही. ओढ त्याच बाजूला राहिली तर अलाइनमेंट, अडकलेला ब्रेक कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) किंवा सैल बुश तपासावा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर डावा-उजवा बदलू नये. त्याच बाजूचे पुढचा आणि मागचा बदलून तीच परीक्षा करावी. थरथरीचंही असंच आहे. ८० ते १०० किलोमीटर वेगात ती हातात जाणवली तर आधी पुढच्या चाकांचं बॅलन्सिंग बघावं, सीटमध्ये जाणवली तर मागच्या. बाहेरून आणलेल्या अलॉय रिमचं मधलं भोक हबपेक्षा (चाक ज्यावर बसतं त्या भागापेक्षा) मोठं असेल आणि मधली रिंग बसवलेली नसेल, तर बॅलन्सिंग अचूक असूनही थरथर राहते.

मापाचा प्रश्न हौसेशी जोडलेला आहे, म्हणून आकड्यांनीच बोललेलं बरं. १८५/६५ आर १५ म्हणजे रुंदी १८५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, रिम १५ इंच. हिशोब केला तर एकूण व्यास ६२१.५ मिलिमीटर येतो. त्याच रिमवर २०५/६५ घातला तर व्यास ६४७.५ होतो, म्हणजे सुमारे ४.२ टक्के मोठा. स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी पूर्वीपेक्षा तीन किलोमीटरहून जास्त वेगात असते, पिकअप मंदावतो आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या लायनरला (चाकावरच्या प्लास्टिकच्या अस्तराला) घासू शकतो. रुंद टायरने पार्किंगमध्ये स्टिअरिंग जड होतं, रस्त्यावरच्या चाकोऱ्या गाडीला इकडेतिकडे ओढतात आणि साचलेल्या पाण्यावर टायर लवकर तरंगतो. कोरड्या रस्त्यावर पकड वाढते हे खरं, पण त्या एका फायद्यासाठी एवढं सगळं पत्करायचं का, हे आधी ठरवावं.

१६ इंची रिमच हवी असेल तर १९५/५५ आर १६ चा व्यास ६२०.९ मिलिमीटर भरतो, जवळजवळ तोच. पण इथेही काम अर्धंच झालं. मूळ टायरवर ८८ हा भारांक असेल तर त्याचा अर्थ एका टायरला ५६० किलो. १९५/५५ आर १६ हा टायर बऱ्याचदा ८७ चा, म्हणजे ५४५ किलोचा मिळतो. भारांक आणि वेगाचं अक्षर (टायरची कमाल वेगमर्यादा सांगणारं) मूळपेक्षा खाली कधीही नको. ९१ चा, म्हणजे ६१५ किलोचा, याच मापात मिळतो, तो मागावा.

रिमचा ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागाचं मिलिमीटरमधलं अंतर) तर कुणी विचारतही नाही. ६ इंच रुंद आणि ४५ ऑफसेटच्या रिमऐवजी ७ इंच रुंद आणि ३५ ऑफसेटची बसवली, तर रिमची बाहेरची कड जवळपास २३ मिलिमीटर बाहेर येते. दिसायला रुबाबदार, पण चाकाचा मध्य वळणाच्या अक्षापासून सरकतो. एक चाक मातीत किंवा खड्ड्यात गेलं की स्टिअरिंगला हिसका बसतो, आणि हब बेअरिंगवर जास्त ताण येतो. स्पेसर (हब आणि रिम यांच्यामधली जाड चकती) घालूनही हेच होतं. जुन्या गाडीवर आधीच्या मालकाने अशी रिम लावलेली असेल तर मूळ रिम परत बसवल्याशिवाय स्टिअरिंगविषयी कुठलाही निष्कर्ष काढू नये.

कडक बाजूचे नवे टायर जुन्या सस्पेन्शनवर चढवले की गाडी आणखी बिघडल्यासारखी वाटते, हेही लक्षात घ्यावं. मऊ, उंच टायर सैल बुशचा खेळ स्वतःत जिरवत होता; कडक टायर तो थेट हातापर्यंत पोचवतो. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा. गाडी जॅकवर आणि भक्कम आधारावर घेऊन चाक घड्याळाच्या ९ आणि ३ वर धरून हलवावं. खेळ असेल तर टाय रॉड (रॅक आणि चाक जोडणारा दांडा) बघावा. १२ आणि ६ वर खेळ असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (चाकाला वळू देणारा गोलाकार सांधा). लोअर आर्मचे (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचे) बुश फाटलेले असतील तर तेही आधी बदलावेत. मग टायर आणि बॅलन्सिंग, आणि हवा बरोबर करून सर्वांत शेवटी अलाइनमेंट. सैल भागांवर केलेली अलाइनमेंट पहिल्या खड्ड्यात जाते. ज्या गाडीत ईएसपी (घसरण आवरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) आहे तिथे अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग अँगल सेन्सरचा शून्य बिंदू जुळवून घ्यायला सांगावं.

दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागे लावावेत, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. हे ऐकून लोक वाद घालतात. पण ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि पाय उचलून ती बहुतेकदा सावरता येते. मागची सुटली तर गाडी गोल फिरते, आणि ते सामान्य चालकाला सावरत नाही. एका अ‍ॅक्सलवर दोन्ही टायर एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे आणि जवळपास सारख्या झिजेचे हवेत. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत तर चारही टायरचा घेर पुस्तिकेतल्या मर्यादेत जुळला पाहिजे, नाहीतर ट्रान्सफर केस किंवा मधली कपलिंग (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारे भाग) तापून खराब होते.

टायरबरोबर रबरी व्हॉल्व्हही नवे घालावेत आणि नट टॉर्क रेंचनेच आवळावेत. बऱ्याच लहान गाड्यांना १०० ते १२० न्यूटन मीटर लागतं, नेमका आकडा पुस्तिकेत असतो. ५० ते १०० किलोमीटरनंतर ते पुन्हा तपासावेत. नव्या रबरावरचा गुळगुळीतपणा जाईपर्यंत पहिले दोन-तीनशे किलोमीटर जोरात वळणं आणि ब्रेक टाळावेत, आणि स्टिअरिंग कसं झालं याचा निवाडा त्यानंतर करावा. पहिल्या दिवशी ते जरा सैल, जरा उशिरा प्रतिसाद देणारं वाटणं साहजिक आहे, कारण पूर्ण उंचीचे नक्षीचे ठोकळे झिजलेल्यांपेक्षा जास्त वाकतात.

आपला,
वाहनदुरुस्ती क्षेत्रातील एक वाचक